चुकून दिलेली उत्तरं

नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांच्या डाव्या हाताला अर्जमास्तरांचं टेबल होतं. टेबल म्हणजे एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली फळीच, पण त्या फळीवरून निम्म्या शहराचे जन्म, मृत्यू, नावातल्या दुरुस्त्या आणि पत्त्यातले बदल कचेरीत पोचले होते. मास्तरांनी लिहिलेला अर्ज परत येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती बरीचशी त्यांनीच पसरवली होती, पण खोटी नव्हती.

त्या दिवशी सकाळी पहिल्या आलेल्या बाईंना पत्ता बदलायचा होता. जुनं घर का सोडावं लागलं, हे त्या अगदी पहिल्यापासून सांगू लागल्या.

"बाई, एवढी कथा नको. 'घरगुती कारणास्तव' लिहितो."

"अहो, पण कारण घरगुती नाही. छप्पर कोसळलं डोक्यावर!"

"छप्पर कुणाच्या घराचं? तुमच्याच ना? मग घरगुतीच झालं."

बाईंनाही हसू आलं. मागे उभे असलेले दोघेतिघेही हसले. मास्तरांनी ओळ लिहिली, खाली सही करायची जागा पेन्सिलीनं दाखवली आणि पुढच्याला खूण केली.

त्यांचं शास्त्र एवढंच होतं, की खिडकीमागच्या माणसाला प्रश्न पडता कामा नये. प्रश्न पडला की कागद बाजूला पडतो, आणि बाजूला पडलेला कागद कुणी उचलत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका धडधाकट तरुणानं नोकरीच्या अर्जात 'लहानपणी फिट येत असे' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्यानंतर तो कितीतरी वर्षं नवनवे अर्ज घेऊन मास्तरांच्या टेबलाशी येत राहिला. त्याचे केस पांढरे झाले, नोकरी काही लागली नाही. "कागदावर एकदा चढलं की उतरत नाही," असं मास्तर तेव्हापासून प्रत्येकाला बजावत.

मास्तर वाईट माणूस नव्हते. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे वाचताना तुम्हाला तसं वाटेल.

दुपारी बायकोचा फोन आला. "आज चारला दवाखान्यात जायचंय. विसरू नका. आणि 'काम होतं' म्हणू नका."

"जाऊ ना. मी काय नाही म्हणतोय?"

"दोन महिने नाहीच म्हणताय तुम्ही."

ते खरं होतं. त्यांची मुलगी सव्वीस वर्षांची. लहानपणी इतकी तुडतुडी, की 'चिंगी' नाव पडलं आणि ते मोठेपणीही सुटलं नाही. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून चौकटीत बसवायचं काम करी. तिच्या हातची चौकट नाकावर कधी तिरपी बसायची नाही. गेले दोन महिने मात्र ती कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून पडे. ताट समोर ठेवलं तर दोन घास खाई. आईनं विचारलं, तर "काही नाही गं, दमलेय" म्हणे. मास्तरांचं निदान तयार होतं. डोळ्यांचं काम, त्यामुळे थकवा. आत्यानं एक चांगलं स्थळ सुचवलं होतं. लग्न झालं की आपोआप ताळ्यावर येईल, असं त्यांना वाटत होतं.

दवाखान्यात मानसिक आजारांचा विभाग मागच्या बाजूला होता. मास्तरांनी दोघींना मागच्या फाटकानंच आत नेलं, म्हणजे रस्त्यावरून कुणी पाहायला नको. डॉक्टरीणबाईंनी चिंगीला तपासलं, पण बाहेर चाळीस माणसं बसली होती, आणि आईबाप शेजारी असताना चिंगीनं सांगितलं ते "झोप जरा कमी आहे" एवढंच. मग समुपदेशक ताईंनी तिघांना आपल्या टेबलाशी बसवलं.

"नैराश्य हे नाव एकच असतं, पण प्रत्येकाचं वेगळं असतं," ताई म्हणाल्या. "कुणाला बोलून गुण येतो, कुणाला गोळ्यांनी, कुणाला दोन्ही लागतात. आधी आम्ही एक उपाय करून बघायचो, दोन महिने जायचे, मग दुसरा. तेवढ्यात माणूस कंटाळून यायचंच बंद करायचं. आता ही संगणकाची यंत्रणा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तीच. हजारो रुग्णांना काय लागू पडलं, हे तिला शिकवलंय. दर गुरुवारी फोनवर वीस प्रश्न येतील. उत्तरांवरून ती सुचवते, की हिला कोणता उपचार आणि कोणता माणूस योग्य ठरेल. डॉक्टर ते बघतात आणि ठरवतात."

"म्हणजे मशीनच सगळं ओळखतं?" मास्तरांनी विचारलं.

"मशीनला चेहरा दिसत नाही, काका. त्याला फक्त उत्तरं दिसतात. म्हणून एकच अट आहे. उत्तरं हिनंच द्यायची. एकटीनं बसून, खरी." मग ताई चिंगीकडे वळल्या. "जमेल ना?"

"हो," चिंगी म्हणाली. त्या 'हो'मध्ये कित्येक दिवसांत ऐकू न आलेलं काहीतरी होतं. आईनं चटकन तिच्याकडे पाहिलं.

"आणि हा नंबर हिचाच ना?" ताईंनी मास्तरांनी आधीच भरून ठेवलेल्या कागदाकडे बघत विचारलं.

"हो हो, घरचाच आहे," मास्तर म्हणाले. घरातल्या प्रत्येक कागदावर त्यांचाच नंबर असे. गॅसच्या, दिव्याच्या, धाकट्या मेहुण्याच्या पारपत्राच्यासुद्धा. त्यात त्यांना वावगं काही वाटलं नाही.

पहिल्या गुरुवारी संध्याकाळी प्रश्न आले. मास्तरांनी चष्मा चढवला, फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि अर्ज भरायला बसतात तसे ताठ बसले. चिंगी आतल्या खोलीत पडली होती.

"तिला हाक मारू?" बायकोनं विचारलं.

"कशाला उठवतेस? मी भरतो. रोजचं काम आहे माझं."

"त्या ताई म्हणाल्या होत्या—"

"अगं, सगळीकडे असंच म्हणतात. 'अर्जदाराने स्वहस्ते भरावे.' कोण भरतं स्वहस्ते?"

पहिला प्रश्न होता, 'उत्तर देणारी व्यक्ती स्वतः रुग्ण आहे का?' मास्तरांनी 'होय' दाबलं. ते दाबल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं.

झोप? 'कधीकधी कमी.' भूक? 'साधारण.' कामात लक्ष? 'बहुतेक वेळा लागते.' अगदीच सगळं ठीक लिहिलं तरी खिडकीमागच्याला संशय येतो, म्हणून त्यांनी एकदोन ठिकाणी 'थोडा त्रास' असंही ठेवलं. नवव्या प्रश्नावर त्यांचं बोट अडलं. 'जगणं नकोसं होण्याचे विचार मनात येतात का?'

"काय हो, काय विचारलंय?" बायको वाकून बघू लागली. तिनं वाचलं आणि पदरानं हात पुसत तशीच उभी राहिली. "हे तरी तिला विचारा."

"असलं काही विचारायचं? नसलं तरी डोक्यात यायचं. आणि उद्या हे दवाखान्याच्या पुस्तकात चढलं, आत्यानं सुचवलेल्या त्या स्थळवाल्यांच्या कानावर गेलं, मग?" त्यांनी 'कधीही नाही' दाबलं.

अठरावा प्रश्न होता, 'कुटुंबात पूर्वी कुणाला असा आजार होता का, किंवा कुणी स्वतःचा जीव घेतला आहे का?' बायको पातेलं उतरवायला आत गेली होती. मास्तरांनी हा प्रश्न पुरता न वाचल्यासारखं केलं. 'नाही.'

आतल्या खोलीत पलंग करकरला. भिंत पातळ होती. जेवणाच्या टेबलावरचं बोलणं पलीकडे शब्द न् शब्द ऐकू जाई, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

यंत्रणेनं मिळालेल्या उत्तरांशी इमान राखून उपचार सुचवला. सौम्य त्रास. रोज चालणं, श्वासाचे व्यायाम, फोनवर बघायचे काही धडे आणि दोन महिन्यांनी ताईंची भेट. डॉक्टरीणबाईंनी त्यावर सही केली. मास्तरांना अर्ज मंजूर झाल्यासारखं वाटलं.

"बघ, सौम्य आहे म्हणतात. उगाच घाबरवत होतीस."

"सौम्य आपण म्हटलंय," बायको म्हणाली, "मशीननं नाही."

तिचं हे वाक्य मास्तरांना झोंबलं, पण त्यांनी हसण्यावारी नेलं. ही बायको पुढे पुढे गप्प होत गेली. गप्प बसण्याचीच तिला सवय होती, आणि यात तिचा दोष किती आणि त्या घराचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

गुरुवारमागून गुरुवार गेले. मास्तर दर वेळी उत्तरं थोडी थोडी सुधारत होते. उपचार चालू असताना सुधारणा दिसलीच पाहिजे, नाहीतर वरचे लोक जास्त खोलात शिरतात, हा त्यांचा अनुभव होता. 'कधीकधी कमी' असलेली झोप 'चांगली' झाली. भूक 'उत्तम'वर गेली. फोनवर हिरवी रेघ वर वर चढत होती, आणि आतल्या खोलीत चिंगीची मनगटं बारीक होत होती. तिचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायला लागलं होतं. ती चालायला जात नव्हती. फोनवरचे धडे मास्तरच उघडून 'पाहिले' म्हणून खूण करून ठेवत.

सहाव्या गुरुवारी ते फोन घरी विसरले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा फोन चार्जिंगला जिथे होता तिथेच होता, आणि त्याच्यावर संदेश होता. 'या आठवड्याची तुमची उत्तरं आधीच्या उत्तरांपेक्षा फारच वेगळी आहेत. ती चुकून दिली गेली का? होय / नाही.'

मास्तरांनी उत्तरं उघडली. झोप, 'जवळजवळ नाही.' भूक, 'नाही.' 'मी घरच्यांवर ओझं आहे असं वाटतं', 'रोज.' नववा प्रश्न, 'रोज.' दहावा प्रश्न नवव्याचं उत्तर होकारार्थी असेल तरच उघडत होता. 'त्यासाठी काही ठरवलं आहे का?' त्याचं उत्तर, 'हो.' आणि शेवटी जिथे मोकळी जागा होती, जी मास्तर नेहमी कोरी सोडत, तिथे लिहिलं होतं, 'कृपया कुणीतरी मला फोन करा. मला बोलायचं आहे.'

वाचता वाचताच फोन वाजला. दवाखान्यातून समुपदेशक ताई बोलत होत्या. मास्तर फोन घेऊन जिन्यात गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"काका, तिला द्या जरा फोन."

आता, या क्षणी, त्यांना एवढंच करायचं होतं. मागे वळायचं, चार पावलं चालायचं आणि फोन मुलीच्या हातात द्यायचा. पण वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशवी घेऊन जिना उतरत होती. तिनं विचारलं, "काय मास्तर, सगळं बरं ना?" आणि मास्तरांच्या तोंडून इतक्या वर्षांची सवय बोलली.

"हो हो, सगळं उत्तम," ते शेजारणीला म्हणाले, आणि त्याच आवाजात फोनवर म्हणाले, "आंघोळीला गेलीय ती. ते चुकून झालं ताई. पाहुण्यांचं पोर आलं होतं, त्यानं फोनशी खेळत काहीतरी दाबलं. ती अगदी छान आहे. मीच पुन्हा भरून घेतो तिच्याकडून."

"नक्की ना, काका? खाली काही लिहिलंयसुद्धा."

"पोरं काय, काहीही लिहितात हल्ली."

ताईंच्या समोर त्या दिवशी एकोणीस नावं होती. मास्तरांचा आवाज इतका समजूतदार होता, की त्यांनी विश्वास ठेवला. फोन ठेवल्यावर मास्तरांनी 'होय' दाबलं, उत्तरं पुसली आणि जिन्यातच उभं राहून नवी भरली. घरात आल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. चिंगी पलंगावर उठून बसली होती. तोंड भिंतीकडे नव्हतं, दाराकडे होतं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं.

"कुणाचा फोन होता, बाबा?"

"कचेरीतला. कामाचा."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं ती आडवी झाली.

रविवारी मात्र घरात आनंदीआनंद झाला. चिंगी सकाळी लवकर उठली. तिनं केस धुतले, कपाट लावलं, जुनी पत्रं फाडून टाकली. नवी निळी ओढणी आईच्या खांद्यावर टाकून म्हणाली, "तुलाच शोभते गं, ठेव." जेवताना तिनं दोनदा वाढून घेतलं. मग बापाचा चष्मा मागून घेतला, खिडकीत बसून सैल झालेला खिळा घट्ट केला, काचा पुसल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या नाकावर चढवला.

"आता वर्षभर हलणार नाही बघा."

"वर्षभरानं तूच करशील की पुन्हा," मास्तर म्हणाले.

चिंगी हसली. मास्तरांचे डोळे भरून आले. जिन्यात केलेलं चुकलं नाही, आपण निभावून नेलं, असं त्यांना मनापासून वाटलं. गुरुवारची वाट न पाहता त्यांनी यंत्रणेत 'खूप बरे वाटते' अशी नोंद केली. लगेच उत्तर आलं, 'तुमची प्रगती पाहून आनंद वाटला. पुढील भेट एका महिन्याने पुढे ढकलण्यात येत आहे.'

बायको मात्र ती निळी ओढणी मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होती. "मला हे बरं दिसत नाही," ती म्हणाली.

"रडली तरी तुला बरं दिसत नाही, हसली तरी नाही!"

सोमवारी अकराच्या सुमाराला मास्तर एका म्हाताऱ्यांचा हयातीचा दाखला लिहीत होते. चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. "मास्तर, चिंगी आली नाही हो आज. आणि शनिवारी तिनं तिचे सगळे बारके स्क्रूड्रायव्हर आमच्या नव्या मुलीला देऊन टाकले. कुणाला हात लावू द्यायची नाही ती त्यांना. दुसरीकडे नोकरी बघितली का तिनं?"

मास्तरांच्या हातातलं पेन थांबलं.

त्यांना एक मोठा भाऊ होता. ते एकोणीस वर्षांचे असताना तो गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं खूप दिवसांनी दाढी केली होती, धाकट्याच्या सायकलचा ब्रेक दुरुस्त केला होता आणि म्हणाला होता, "आता नीट जपून चालव." सगळ्यांना किती बरं वाटलं होतं त्या दिवशी! दुसऱ्या दिवशी वडिलांनी डोळे पुसत सांगितलं, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही. आणि एकोणीस वर्षांच्या मुलानं पोलिसांना अर्ज लिहिला, 'पाय घसरून अपघाती मृत्यू.' तो त्यांचा पहिला अर्ज. त्यावर कुणालाही प्रश्न पडला नाही.

म्हाताऱ्यांचा कागद तसाच टाकून मास्तर धावत सुटले. धावता धावता बायकोला फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती. उचलणार कशी? ती बाजाराच्या अर्ध्या वाटेवरूनच मागे फिरली होती, कारण पिशवीत ती ओढणी होती आणि पाय पुढे पडत नव्हते. तिनंच शेजारच्या सुतारकाकांना बोलावून खोलीचं दार फोडलं. आत काय दिसलं ते इथे लिहीत नाही. लिहून कुणाचं भलं होत नाही. श्वास चालू होता, एवढं पुरे.

तीन दिवसांनी चिंगी धोक्याबाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना खोलीत बोलावलं. समुपदेशक ताईही तिथे होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. डॉक्टरीणबाईंनी सहाही आठवड्यांची उत्तरं समोर ठेवली.

"ही कुणाची?"

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना चांगलं वाक्य सुचेना. "माझी," ते म्हणाले.

"सगळी?"

"एका गुरुवारची सोडून. ती मी पुसली."

"पुसली तरी इथे राहतात ती." त्यांनी तो कागद वर काढला. "या उत्तरांवर यंत्रणेनं काय सुचवलं होतं, वाचू? 'तातडीने दाखल करावे. एकटे सोडू नये. रोज प्रत्यक्ष संवाद.' एका मिनिटाच्या आत सुचवलं होतं. मशीन चुकलं नाही, मास्तर. पण आमचं चुकलं. चुकून दिलीत का, हे आम्ही त्याच फोनवर विचारलं. त्या फोनच्या मागे कोण बसलंय ते आम्ही बघितलं नाही. 'होय' दाबल्याबरोबर सूचना मागे गेली, मी ती वाचायच्या आत. हे आम्ही बदलतोय. पण घरोघरी असे फोन आहेत. बायकोची उत्तरं नवरा देतो, सुनेची सासू देते, बापाची मुलगा देतो. सगळ्यांना आपलं माणूस बरं दाखवायचं असतं. बरं करायचं कुणाला असतं?"



"घरात आधी असं कुणी..." ताईंनी हळूच विचारलं.

"भाऊ," मास्तर म्हणाले. "माझा सख्खा मोठा भाऊ. अपघात नव्हता तो." छत्तीस वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी चिंगीनं उत्तरं दिली. स्वतः, एकटीनं, दार लावून. वीस प्रश्नांना तिला दीड तास लागला. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून होते आणि त्यांना त्या दीड तासात एकदाही कुणी आत बोलावलं नाही. यंत्रणेनं या वेळी गोळ्या आणि आठवड्यातून दोनदा प्रत्यक्ष बोलणं सुचवलं, आणि त्यासाठी कमी बोलणाऱ्या, वयानं मोठ्या अशा एका उपचारक बाईंचं नाव पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, चिंगीशी अर्धा तास स्वतः बोलल्या आणि मग सही केली.

ती लगेच बरी झाली, असं लिहायला मलाही आवडलं असतं. तसं झालं नाही. पाच आठवड्यांनी ती घरी आली. काही दिवस बरे जात, काही नाही. खोलीच्या दाराची कडी काढून टाकली होती. बापाशी ती फारशी बोलत नसे. एका दुपारी खिडकीशी बसली असताना ती आपण होऊन म्हणाली, "बाबा, एकदा तुम्ही फोन घरी विसरलात, तेव्हा मी सगळं खरं लिहिलं होतं. फोन करा म्हणून लिहिलं होतं. मी रात्रभर वाट बघितली. कुणीच केला नाही."

मास्तरांना कळलं, की तिला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. "ते तुमचं काम आहे," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते काम ते तेव्हापासून टाळत होते.

"मला वाटलं," चिंगी म्हणाली, "खरं सांगूनसुद्धा कुणी येत नाही. मग काय उरलं?"

'दवाखान्याचा घोटाळा झाला गं' एवढं म्हणणं पुरलं असतं. वाक्य तयार होतं, सरळ होतं, आणि चिंगीला त्यावर प्रश्नही पडला नसता.

"फोन आला होता," मास्तर म्हणाले. "तासाभरात आला होता. तुलाच मागितलं होतं त्यांनी. मी दिला नाही. जिन्यात जाऊन खोटं बोललो. तू लिहिलेलं मी वाचलं होतं, चिंगे, सगळं वाचलं होतं, आणि चुकून झालं असं सांगितलं."

चिंगीचा चेहरा पांढरा पडला. ती उठली आणि आईच्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस ती बापाशी एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी गेली ती उपचारक बाईंकडे, ठरल्या वेळी, स्वतःच्या पायांनी, आणि बाहेर आल्यावर आईला म्हणाली, "म्हणजे फोन आला होता गं."

मास्तर पुन्हा कचेरीच्या पायऱ्यांशी बसू लागले होते. त्याच आठवड्यात एक गृहस्थ त्यांच्यासमोर आले. कपडे नेटके, हातात दोन फोन. त्यातला लाल वेष्टनाचा फोन त्यांनी टेबलावर सरकवला.

"मास्तर, दवाखान्यातून हे प्रश्न आलेत. मिसेसचे. जरा व्यवस्थित भरून द्या. तुमचा हात चांगला आहे म्हणतात."

मास्तरांनी पहिला प्रश्न पाहिला. तोच होता. त्यांनी फोन उलटा करून परत सरकवला.

"त्यांना घेऊन या. नाहीतर त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर बसा."

"अहो, तिला काय कळतंय त्यातलं? पलीकडच्या टेबलावर भरून देतात, तुम्हाला जड होत असेल तर." ते फोन उचलून पलीकडच्या टेबलाकडे वळले. तिथला लेखनिक लगेच पुढे वाकला.

मास्तर उठले. आपली जागा सोडून, चालत्या रांगेसमोर, ते पलीकडच्या टेबलापर्यंत गेले आणि त्यांनी त्या लाल फोनवर हात ठेवला. पायऱ्यांवर तीसएक माणसं होती. त्यातली निम्मी त्यांना ओळखत होती. वरच्या मजल्यावरची शेजारीणही कसल्याशा दाखल्यासाठी उभी होती.

"माझ्या भावानं जीव दिला," मास्तर म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी अपघात म्हणून लिहिला. माझ्या मुलीनं दोन महिन्यांपूर्वी तेच करायचा प्रयत्न केला. ती आजारी होती आणि मी तिची उत्तरं भरत होतो. व्यवस्थित भरत होतो. एकही परत आलं नाही."

ते गृहस्थ फोनकडे बघत राहिले, मग मास्तरांकडे.

"घरी आहेत ना त्या आत्ता?" मास्तरांनी विचारलं. "एकट्याच आहेत?"

गृहस्थांनी होकारार्थी मान हलवली.

"मग अजून इथे काय करताय?"